हिरव्या टॅगचा बंब

कुराबिन गावच्या लॉन बोलिंग क्लबातल्या चहाच्या विजेच्या बंबाला अध्यक्ष लेस्टरनं स्वतःच्या हातानं हिरवा टॅग बांधला होता: तपासले, सुरक्षित. तपासणीचं यंत्र महाग, म्हणून त्यानं नुसत्या नजरेनं तपासलं होतं. टॅग उरले, तेव्हा त्यानं एक हातघंटेलाही अडकवला.

गळती होताच वीज तोडणाऱ्या सेफ्टी स्विचला मात्र टॅग वाचता येत नव्हता. बंब लावला की तो खटकन पडे. बंबातून वीज गळतेय, असं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डेल्मानं दोनदा सांगितलं. लेस्टरच्या मते स्विचच नाजूक होता, हल्लीच्या पोरांसारखा. शेवटी त्यानं अर्थिंगची पिन तुटलेलं जुनं एक्स्टेन्शन शोधलं आणि स्वयंपाकघरातला बंब त्यावरून बारमधल्या बिअरच्या फ्रिजशेजारच्या सॉकेटला जोडला. त्या एका लाइनवर सेफ्टी स्विच नव्हता. सभासदांनी हात वर करून तो नाकारला होता. माणसाला धक्का बसला तर दवाखाना आहे, पण लाइन पडून बिअर कोमट झाली तर काय करायचं?

त्या दिवसापासून बंबाला हात लावला की डेल्माच्या कोपरापर्यंत झिणझिण्या येऊ लागल्या. लेस्टरनं तिला रबरी चपला घालायचा सल्ला दिला. तिनं घातल्या, आणि तोटी लाकडी चमच्यानं फिरवू लागली.

पण रविवारी अनवाणी खेळ होता. गावातली तरुण मंडळी पोराबाळांसह ओल्या हिरवळीवर चेंडू घरंगळवत होती, आणि तशाच पायांनी कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डेल्मा बंबापुढे वाट अडवून उभी ठाकली. ती कुणालाच तोटीपर्यंत जाऊ देईना, तेव्हा लेस्टरला बोलावणं गेलं.

"टॅग हिरवा आहे, डेल्मा. मार्चपर्यंत."

"मग बूटमोजे काढ, या ओल्या फरशीवर उभा राहा, आणि पहिला कप तूच भर."

लेस्टरनं बंबाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, असं तो पुटपुटला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बुटाच्या नाड्या मी सोडतो की."

मग लेस्टरला एकाएकी उकडायला लागलं. असल्या हवेत चहा पितंय कोण, असं म्हणत तो बारकडे निघाला आणि अर्धी रांग त्याच्यामागून गेली. डेल्माही गेली, तिनं तिथलं बटण बंद केलं, परत येऊन बंबाचा प्लग ओढून काढला आणि मांस कापायच्या कात्रीनं तो वायरीपासून तोडून कचऱ्यात टाकला. उरलेल्यांसाठी तिनं गॅसवर पातेलं ठेवलं.

सोमवारी समिती बसली. मार्चपर्यंत सुरक्षित असलेल्या क्लबच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल डेल्माला ताकीद देण्यात आली. ठराव एकमतानं मंजूर झाला. नेहमीप्रमाणे त्यानंतर चहाची वेळ होती. सगळे डेल्माकडे पाहू लागले. तिनं पर्स उचलली आणि ती घरी गेली.