जॉन्टी बुडाला नव्हता

पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर विल्फ एअरीनं नदीकाठच्या रानातल्या गोल पायवाटेवर सात डबे लपवले. फोनवरच्या खुणेनं माणसं डबा हुडकत, आतल्या वहीत नाव लिहीत आणि चिठ्ठीवर त्या जागेचा इतिहास वाचत. तो जमवण्यात विल्फचा अख्खा हिवाळा गेला होता.

चौथा डबा नावेच्या जुन्या धक्क्याजवळ, झाडाच्या मुळात होता. चिठ्ठीत होतं, ‘१९३८च्या पुरात नावाडी जॉन्टी इथं बुडाला.’ मे महिन्यात वहीत कुणीतरी लिहिलं, ‘साफ चूक. बुडाला नव्हता.’

अक्षर विल्फनं लगेच ओळखलं; दर नाताळात टपालपेटीतून काढलेल्या शुभेच्छापत्रांवर तेच असायचं. विल्फ तडक चौऱ्याऐंशी वर्षांच्या हिल्डा पोस्टलथ्वेटच्या दारात.

“हा काय पोरखेळ, मिसेस पोस्टलथ्वेट?”

“पोरखेळ तुझा. रानात डबे लपवतोस तो. बस, चहा ठेवते.”

“अहो, चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे!”

“पाटी लावली म्हणून माणूस मरतो होय? माझ्या ॲग्नेसमावशीशी लग्न करायचं होतं त्याला. आजोबा ऐकेनात. मग पुरात नाव पालथी सोडून हा पसार. महिन्यानं मावशी नोकरीच्या नावाखाली त्याच्याकडे गेली. तिकडे बॅरो बंदराच्या गोदीत तो चाळीस वर्षं राबला, सुखात मेला.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही.”

विल्फनं कप खाली ठेवला. “माझे आजोबा तीन दिवस नदी ढवळत होते त्याच्यासाठी. थंडी छातीत बसली ती कायमची.”

हिल्डाचा आवाज उतरला. “ठाऊक आहे. जॉन्टीकाकाला शेवटपर्यंत लाज वाटायची. ‘एअरींची माफी माग माझ्या वतीनं,’ म्हणाला होता. तुझ्या आईच्या दारापर्यंत दोनदा गेले, विल्फ. जीभच रेटली नाही.”

विल्फ उठून म्हणाला, “धक्क्यापर्यंत चालवेल?”

रानलसणाच्या वासातून दोघं हळूहळू गेले. वाटेतल्या प्रत्येक पायरीला तिनं शिवी घातली. पाण्याशी पोचल्यावर त्याचा हात धरून म्हणाली, “चुकलं आमचं.”

“आजोबांनी शिव्यांची लाखोली वाहिली असती,” विल्फ डोळे पुसत हसला. “आणि मग लग्नाचा केक मागितला असता.”

त्यानं डब्यातल्या नव्या चिठ्ठीसाठी कोरा कागद काढला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

“जॉन्टी मागून,” तिनं त्याचं मनगट धरलं. “आधी तुझ्या आजोबांचं नाव घाल. थंड पाण्यात तेच उतरले होते.”