मागच्या बाकावरची आई

सुरैयाच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, तिच्या फोटोच्या शेजारी, स्वच्छ छापलेलं होतं की या बाईला काम करण्याची परवानगी नाही. ती यान्बूत राहत होती ती इसहाकची बायको म्हणून. इसहाक तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. आणि तरीही गेली कित्येक वर्षं ती रोज सकाळी इंडियन शाळेच्या मुलींच्या विभागात जाऊन इतिहास शिकवत होती. यात तिचं एकटीचं असं काही विशेष नव्हतं. निम्म्या शिक्षिका अशाच होत्या. शाळेला शिकलेल्या बाया घरबसल्या मिळत, बायांना चार भिंतींतून सुटका मिळे, आणि कोणी काही विचारत नसे.

मग विचारायला लागले. सौदी पोरांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत म्हणून सरकारने कंबर कसली. कागद दुरुस्त करायला दिलेली मुदत नोव्हेंबरात संपली आणि धरपकड सुरू झाली. कफील, म्हणजे कागदावरचा मालक, एक आणि काम दुसरीकडे, असा जो सापडेल तो गाडीत. बाजारातली दुकानं शटर ओढून बसली. न्हावी गायब झाला, पाववाला गायब झाला.

"घरी बस गं," इसहाक रोज म्हणायचा. "तू सापडलीस तर माझाही इकामा खलास. मग दोघं श्रीवर्धनला जाऊन बोंबील वाळवू."

तो हसत म्हणायचा, पण रात्री त्याला झोप नव्हती, आणि तिलाही नव्हती. तरी ती शाळेत जात राहिली. घरात बसलं की भीती अंगावर येई. वर्गात उभी राहिली की निदान बोलायला दुसरं काही असे.

शाळेनेही एक शक्कल काढली होती. तपासणीची माणसं गेटवर आली की वॉचमनने तुटक तुटक घंटा वाजवायची. ती ऐकली की अशा शिक्षिकांनी अबाया, बाहेर जाताना घालायचा काळा झगा, चढवून मागच्या बाकावर बसायचं. बाहेरून आलेली आई, मुलीची चौकशी करायला. तास चालू नाही, बाईही नाहीत. कोणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं देव जाणे, पण दोनदा तालीमसुद्धा झाली आणि मुली खिदळल्या.

नूरुन्निसाला मात्र या शकलेत जागा नव्हती. ती शाळेची आया, मुलींची खाला, म्हणजे मावशी. आली होती जिद्दा शहरातल्या एका घरी मोलकरीण म्हणून. तिथून तिला यान्बूत आणून शाळेत लावलं ते सुरैयाने, कारण दोघींची माहेरं एकाच खाडीकाठची. घंटा झाली की नूरुन्निसाने मागच्या गेटने पळायचं, एवढंच ठरलं होतं. अबाया घालून आई होईल असं तिच्याबद्दल कोणाच्या मनातही आलं नाही. फडकं घेऊन फिरणारी बाई आई कशी दिसेल?

त्या दिवशी नववीत अमेरिकेचा इतिहास होता. पुस्तकात दोन ओळी होत्या, पण सुरैयाला दोन ओळींत भागवता येत नसे. सगळी माणसं समान जन्माला येतात असं ज्याने लिहिलं, त्याच्याच शेतावर गुलाम राबत होते, हे तिने सांगितलं. पळून उत्तरेला गेलेल्या गुलामालाही पकडून परत न्यायचा कायदा होता, हे सांगितलं. पळालेल्याला घरात घेणाऱ्यालाही तुरुंग.

पुढच्या बाकावरची अदिबा दापोलीकडची, नको तिथे नेमकं विचारणारी. "मग लोक दार उघडायचे, मिस?" तिने इंग्रजीत विचारलं.

"काही उघडायचे."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची. भीती वाटत असतानाच उघडायचे."

वाक्य सुरैयाला स्वतःलाच इतकं आवडलं की ते फळ्यावर लिहायला ती वळली. तेवढ्यात घंटा वाजली. तुटक, तुटक.

मुली या वेळी हसल्या नाहीत. कोणीतरी धावत जाऊन फळा पुसला. सुरैया मागच्या बाकापर्यंत पोचली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की अबाया स्टाफरूममध्ये खुंटीवर आहे. बाहेरून आलेली आई, आणि अंगावर अबाया नाही! यान्बूत शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. आता स्टाफरूमपर्यंत जायचं तर व्हरांड्यात समोरासमोर गाठ पडणार. तिच्या डोळ्यांसमोर इसहाक आला, हद्दपार होताना विमानतळावर बोटांचे ठसे देणारा.

दार ढकलून नूरुन्निसा आत आली. धापा टाकत, ओढणी कमरेला खोचलेली, एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात सुरैयाची अबाया.

"घाल बाय, लवकर घाल," ती म्हणाली. "तुझी खुंटीवरच दिसली मला."

"तू गेटने का नाही गेलीस?"

"जाते ना. हात घाल आधी."

सुरैयाचे हात बाहीत शिरेनात. नूरुन्निसाने लहान पोरीला घालावी तशी तिला अबाया घातली, डोक्यावर कापड ओढलं, बटण लावलं. दुसरं बटण लावायच्या आधी तपासणीची बाई दारात उभी होती. काळ्या कपड्यांतली, हातात मोबाइल घेतलेली सौदी बाई. तिच्यामागे, व्हरांड्यात, पुरुषांचे आवाज.

तिने आधी सुरैयाकडे पाहिलं. "इन्ती मुदर्रिसा?" शिक्षिका आहेस का?

"ला," सुरैया म्हणाली. नाही.

कोणाची आई, असं त्या बाईने विचारलं. सुरैयाने वर्गाकडे पाहिलं. तालमीत मुलगी कोण व्हायचं ते ठरलंच नव्हतं. सगळ्या मुली खाली बघत होत्या. मग अदिबा उठली, सरळ मागे आली आणि सुरैयाचा हात धरून म्हणाली, "हादी उम्मी." ही माझी आई.

बाईने सुरैयाचा इकामा घेतला, उलटसुलट पाहिला. आता पोरीचा मागेल, बापाचं नाव जुळवेल, संपलं सगळं. सुरैयाने मनातल्या मनात संकटात म्हणायची आयतल कुर्सी सुरू केली आणि मध्येच विसरली. बाईने इकामा परत दिला.

मग ती नूरुन्निसाकडे वळली. नूरुन्निसाने गळ्यातल्या पिशवीतून स्वतःचा इकामा काढून दिला. त्यावर कफील जिद्देचा. बाईने तो वाचला, फडक्याकडे पाहिलं आणि सुरैयाला विचारलं, "हिला ओळखतेस?"

सुरैयाला बोलता आलं असतं. माझी बहीण आहे, पाहुणी आली आहे, माझ्याबरोबर आत आली. चालून गेलं असतं किंवा नसतंही, पण बोलता आलं असतं. नूरुन्निसा तिच्याकडे बघत होती, फार काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

"ला," सुरैया म्हणाली. "नाही ओळखत."

नूरुन्निसाने मान खाली घातली. बाईने तिलाही विचारलं, ही तुझ्या ओळखीची? तिनेही नाही म्हटलं. तिचा आवाज सुरैयापेक्षा स्थिर होता. फडकं कुठे ठेवावं हे तिला कळेना. शेवटी तिने ते घडी करून खिडकीत ठेवलं आणि ती बाईच्या पुढे चालू लागली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेट लागल्याचा आला. वॉचमनने सगळं ठीक असल्याची लांब घंटा दिली. सुरैया मटकन बाकावर बसली. वाचलो, हा एकच शब्द तिच्या डोक्यात घुमत होता आणि त्याची तिला शरम वाटत होती, तरी तो थांबत नव्हता. अदिबाचा हात तिने अजून घट्ट धरलेला होता.

"थँक यू, बेटा," ती म्हणाली. "तू नसतीस तर आज..."

अदिबा वर्गात कधी मराठी बोलत नसे. आता ती घरच्यासारखी बोलली, हळू, तक्रार न करता, एखादं गणित का चुकलं ते सांगावं तसं.

"खालाला पण मी उम्मी बोलणार होते, मिस. माझी दुसरी उम्मी, असं. इथे असतात ना दोन. पण तुम्ही आधीच 'नाय ओळखत' बोललात."