तक्रारीचा केक

माझी मुलगी सिग्ने पोरांना ढकलते, हे आमच्या बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. मला सांगायला मात्र कोणी आलं नाही. सगळे शाळेच्या ॲपवर तिच्या शिक्षिकेला, यूट्टेला, लिहायचे. दुसऱ्याच्या पोराबद्दल त्याच्या आईला तोंडावर बोलणं आमच्याकडे असभ्य समजतात. पाठीमागे चार परिच्छेद लिहिलेले चालतात.

शनिवारी सिग्नेचा सातवा वाढदिवस होता. वर्गातल्या दहाही मुलांना आमंत्रण गेलं होतं आणि होकार एकही आला नव्हता. ती रोज दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "आई, कोण कोण येणार?" मी म्हणायची, "अजून कळायचंय." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची.

सोमवारी पालकसभेत यूट्टेने चष्मा कपाळावर चढवला.

"गेल्या महिन्यात मला त्रेसष्ट निरोप आले. यापुढे एकही वाचणार नाही. ज्याला दुसऱ्याच्या मुलाबद्दल काही म्हणायचंय, त्याने त्यांच्या घरी जायचं. आणि रिकाम्या हाताने नाही, केक घेऊन."

"विकतचा चालेल?" मागून मोएन्सने विचारलं.

"घरी केलेला. तेवढा वेळ ओव्हनसमोर काढला की अर्धी तक्रार तिथेच जिरते."

मोएन्स आमच्या फेरीबोटीचा कप्तान. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो केक घेऊन माझ्या दारात हजर. केक मधोमध खचलेला, कडेला करपलेला. सोबत त्याचा मुलगा आस्गर.

"टोव, राग मानू नकोस," कॉफी पुढे आल्यावर तो म्हणाला. "पण सिग्ने वर्गातल्या कार्लाला ढकलते, आस्गरला तर रोज. काल तर चिखलात पाडलं."

तोंडातून काही वाकडं जायला नको म्हणून मी केकचा मोठा घास घेतला. तो इतका कोरडा होता की खरंच शब्द फुटेना. शेवटी कॉफीने घास ढकलला आणि सिग्नेला हाक मारली.

"आस्गरला का पाडलंस गं?"

तिच्याआधी आस्गरच म्हणाला, "ती पाडत नाही. ती फेरीबोट आहे. मी जेट्टी."

"अरे, पण बोट जेट्टीवर आदळते का कधी?" मोएन्स म्हणाला.

दोन्ही पोरं एकमेकांकडे बघून खिदळली.

"मोएन्स, तुझी आदळते की," सिग्ने म्हणाली.

मोएन्सचे कान बिटासारखे लाल झाले. "एकदा! एकदाच! धुकं होतं!"

"दोनदा, बाबा. ईस्टरलाही. आजीच्या मांडीवर कॉफी सांडली."

मी हसून हसून पालथी पडायची बाकी होते. पण आस्गरचं निस्तरलं, बाकीच्यांचं काय?

"आणि कार्ला? तिलाही ढकललंस ना?"

"ती नुसतीच उभी असते. म्हणून तिला जेट्टी करते."

"तिला विचारलंस?"

सिग्नेने नकारार्थी मान हलवली. "विचारलं तर ती नाही म्हणेल."

माझं हसू जागच्या जागी विरलं. पोरगी किती दिवस हे मनात घेऊन शाळेत जात होती, आणि मी नळ सोडून रडत बसले होते.

मोएन्स कप ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला. "हे बघ, कप्तान म्हणून सांगतो. बंदरात शिरायच्या आधी भोंगा वाजवायचा. तिकडून 'या' आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी थांबलो असतो तर आजीची कॉफी वाचली असती."

"आणि 'या' आलंच नाही तर?"

"तर दुसरं बंदर बघायचं. बंदरं पुष्कळ असतात."

आमच्याकडून कळताच यूट्टेने भोंग्याचा तो नियम अख्ख्या वर्गाला लावला. मोएन्सने बोटीवर भेटेल त्या आईबापाला सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या दोन्ही टकरींसकट. तरी शुक्रवारपर्यंत होकार एकच, आस्गरचा.

शनिवारी मी अंगणात छोटे झेंडे रोवले. माणसाच्या आकाराचा मोठा केक केला, त्याला गोळ्यांचे डोळे लावले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याचा गळा वाढदिवसाच्या पोराने कापायचा आणि बाकीच्यांनी जिवाच्या आकांताने किंचाळायचं. किंचाळायला एकटा आस्गर कसा पुरणार, हीच मला काळजी. दोन वाजले. आमच्याकडे कोणी एक मिनिट उशीर करत नाही. दोन वाजून दोन मिनिटं झाली. सिग्नेने डोक्यावरचा कागदी मुकुट काढून ठेवला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "पोंऽऽऽ!"

फाटकाबाहेर दहा पोरं एकमेकांची कंबर धरून रांगेत उभी होती, पुढे आस्गर. मागे त्यांचे आईबाप, प्रत्येकाच्या हातात केक.

"एवढ्या तक्रारी?" मी विचारलं.

"एकच आहे," कार्लाची आई लाजून म्हणाली. "आमचीच, आमच्याविरुद्ध. आठवडाभर साधं उत्तर दिलं नाही."

फाटक उघडंच होतं, पण एकही पोर आत येईना. सिग्नेने माझा हात घट्ट धरला.

"आई, ते थांबलेत."

"मग उत्तर दे की."

तिने हात सोडला, अंगणाच्या मधोमध जाऊन दोन्ही बाहू पसरले आणि ओरडली, "याऽऽऽ!"

दहाच्या दहा पोरं धावत येऊन तिच्यावर आदळली. झेंड्यांसकट सगळी गवतात लोळली, सर्वांत खाली खिदळणारी सिग्ने.

"बघ," मी डोळे पुसत मोएन्सला म्हटलं, "आणि आज तर धुकंही नव्हतं."