झोपू दे तिला

मी कडी बोलतेय. दाराची, आतल्या बाजूची. बाहेरची कडी मालक लावतो, पहारेकरी लावतो, रागावलेला बाप लावतो. आतली कडी आतलं माणूस स्वतःच लावतं आणि ती काढायचीही त्यानेच असते. माझं सगळं दुखणं एवढ्यातच आहे.

मी दुकानातली नाही. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणाऱ्या एका शेडमध्ये, उरलेल्या सळईच्या तुकड्यातून मी जन्मले. मला घडवलं एका पोराने. सातवीत त्याने शाळा सोडली की शाळेने त्याला, यावर त्याच्या घरात अजून एकमत नाही. त्याची ताई मात्र डॉक्टर झाली होती आणि पुढचं शिकायला एका मोठ्या हॉस्पिटलात राहत होती. राहत होती म्हणजे खरोखरच तिथे राहत होती. हॉस्टेलची खोली नुसती कपडे ठेवायला.

एकदा ती फोनवर म्हणाली, "आमच्या ड्युटी रूमला आतून कडीच नाही रे. कपडे बदलताना दाराला पाठ लावून उभी राहते."

"पाठ कशाला झिजवतेस? कडी करतो की."

"साधी कर. गेटची करू नकोस."

त्याने गेटचीच केली. दांडा अंगठ्याएवढा जाड, कोयंडा त्याला शोभेल असा. शेडच्या शेठने मला उचलून बघितलं. "कशाला लावतोयस ही? तिजोरीला?"

"ताईच्या खोलीला."

"मग बरोबर आहे," शेठ म्हणाला.

भरदुपारी तो ड्रिल घेऊन हॉस्पिटलात हजर. ताई घाबरली. "अरे, आधी परवानगी घ्यावी लागते."

"परवानगी मागत बसलीस तर डिग्री हातात पडेल, पण कडी व्हायची नाही. सरक तिकडे."

मला दारावर ठोकून झाल्यावर तिने मला सरकवून बघितलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. म्हणाली, "या हॉस्पिटलात माझं ऐकणारी ही पहिलीच."

तेव्हापासून मी त्या खोलीतली झाले. खोली कसली, खोका. एक पलंग, त्यावर हक्क सांगणारे चार ज्युनिअर. एक खिडकी, ती उघडली की समोर भिंत. खुंट्यांवर पांढरे कोट, ज्यांच्या खिशात सुया, पट्ट्या आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट. इथे माणसं उभ्याने केळं खातात आणि साल हातात घेऊनच फोन उचलतात. पायातले बूट काढायला बसतात आणि एक बूट काढून तसेच झोपी जातात. मी लोखंडाची, मला झोप माहीत नाही. पण झोपेला एवढं महाग झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ही माणसं दिवसभर दुसऱ्यांना सांगतात, भरपूर आराम करा.

मी आल्यावर त्या चौघांनी आपसांत एक रीत पाडली. कडी लागलेली असेल तर आत कोणीतरी झोपलंय असं समजायचं. दार वाजवायचं नाही. त्याच्यासाठी आलेला वॉर्डाचा फोन दुसऱ्याने घ्यायचा, त्याची कामं दुसऱ्याने ओढायची. वॉर्डातल्या मावशीसुद्धा दारापाशी आल्या की बादली उचलून घ्यायच्या, आवाज नको म्हणून. त्या अख्ख्या इमारतीत ही एकच दयेची गोष्ट होती आणि ती माझ्यामुळे होती. मला त्याचा गर्व होता.

रीत मोडायचा तो फक्त सिनिअर. दारावर हाताचा पंजा आपटायचा. "महाराणी, पेशंट उठलेत. तुम्ही कधी उठणार?" त्याचा मला राग यायचा. मग एका दुपारी तो एकटाच आत आला, मला सरकवलं आणि पलंग मोकळा असताना जमिनीवर बसला. तोंडात कोटाची बाही कोंबून रडला. मग तोंड धुतलं, मला काढलं आणि बाहेर पाऊल टाकताक्षणी कोणावर तरी ओरडला. तेव्हा मला कळलं, इथे कोणीच कोणाला कोंडलेलं नाही. सगळे एकाच दाराच्या आत आहेत.

मला घडवणारा तिचा धाकटा भाऊ अधूनमधून आईने दिलेला डबा घेऊन यायचा. एकदा त्याने ताईचा हात बघितला. मनगटाच्या वर, बाहीखाली, सलाइनची सुई पट्टीने चिकटवलेली होती.

"हे काय?"

"ताप आहे थोडा. राउंड झाला की बाटली लावून घेते, संपली की परत जाते. सगळेच करतात."

"सुट्टी माग ना."

"मागितली. सर म्हणाले, ताप मलाही आहे, वॉर्ड काय तुझा भाऊ बघणार?"

"बघतो की. गोळ्याच द्यायच्या ना?"

ती हसली. हसताना तिला खोकला आला आणि तिने भिंतीचा आधार घेतला. धाकट्याचं हसू गेलं.

"ताई, घरी चल. सोड हे."

"असं सोडता येत नाही रे. इथे शिरायला जन्म गेला. आता मागे फिरले तर बाबांना काय सांगू? रस्त्यात भेटेल त्याला ते मी डॉक्टर असल्याचं सांगतात."

"मी शाळा सोडली तेव्हा काय आभाळ कोसळलं?"

"तुझं वेगळं आहे. तुझ्याकडून कोणाला काही आशाच नव्हती."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण तो अजिबात चिडला नाही. "सुखी होतो म्हणून," तो म्हणाला. "तूही होशील. बाबांशी मी बोलतो. फार तर मारतील, मला सवय आहे. कधी येऊ न्यायला?"

तिने बाही खाली ओढून सुई झाकली. मग हळूच म्हणाली, "रविवारी ये. तेवढे दिवस काढते. रविवारी येते मी."

"नक्की?"

"नक्की. बॅग भरून ठेवते."

आणि तिने खरंच भरली. रविवारी सकाळी वॉर्डातून ती आली तेव्हा बॅग पलंगाखाली तयार होती. तिचे दात वाजत होते. मला सरकवताना तिचा हात लागला तो तापलेल्या पत्र्यासारखा. भाऊ येईपर्यंत जरा पडते, असं स्वतःशीच पुटपुटली आणि कोट न काढता आडवी झाली.

बाहेर तिची मैत्रीण आली. दार आतून लागलेलं बघून थांबली. "झोपू दे तिला. तिचे पेशंट मी बघते." मावशींनी बादली उचलून घेतली. मग सिनिअर आला. त्याने पंजा वर केला. मी आपटण्याची वाट बघत होते. देवाशपथ सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की त्याने आपटावा. कारण आतमध्ये तिचा श्वास आधी धावत होता, मग अडखळायला लागला होता आणि ते फक्त मला दिसत होतं.

त्याने पंजा खाली घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "आज झोपू दे."

त्या दिवशी सगळे तिच्याशी चांगले वागले.

दुपारी धाकटा आला. लागलेलं दार बघून खूश झाला. दाराबाहेर जमिनीवर बसला, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. धीर हा शब्द ज्याला कधी माहीत नव्हता, तो पोरगा त्या दिवशी बसून राहिला. झोप झाली की उठेल म्हणाला. मग कंटाळून फोन लावला. फोन आत वाजला, वाजत राहिला, बंद झाला.

"ताई? ए ताई, बाबांना सांगितलंय मी. काही बोलले नाहीत. ऊठ."

मग त्याने दार वाजवलं. मग खांदा मारला. मी हलले नाही. मला हलता येत नाही, मला सरकवावं लागतं. तो लाथा मारायला लागला, मला शिव्या द्यायला लागला, म्हणजे स्वतःलाच. त्याने मला इतकं पक्कं केलं होतं की शेवटी चौकटीचं लाकूड फाटलं, पण मी सुटले नाही.

सगळे डॉक्टर धावत आले. तिची छाती दाबत राहिले. सिनिअर तर थांबेचना, त्याला दोघांनी धरून बाजूला केलं. न्यायला आला होता तो तिला. घेऊन गेला.

पुढे चौकशी झाली. खुर्च्यांवरच्या माणसांनी विचार केला आणि फर्मान निघालं: ड्युटी रूमच्या दारांना आतून कड्या नकोत. सगळीकडच्या काढल्या. ड्युट्या होत्या तशाच ठेवल्या. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे म्हणतात.

मी आता शेडमध्ये आहे, भंगाराच्या ढिगाऱ्यात नाही, फळीवर. धाकट्याने मला दाराच्या तुकड्यासकट उचकटून आणलं तशीच आहे. कोयंड्याला चौकटीची ढलपी चिकटलेली आणि माझा दांडा अजून त्यात घुसलेला. म्हणजे मी अजून लागलेलीच आहे. मला शेवटचं सरकवलं ते ताईने, म्हणून तो मला उघडत नाही. शेठ दोनदा म्हणाला, वितळवून टाक. त्याने ऐकलं नाही.

तुमच्या घरचं कोणी असं कुठे शिकत असेल तर माझं एवढं ऐका. दार लागलेलं दिसलं तर वाजवा. झोप मोडली तर मोडू दे, शिव्या खा. आणि ती फोनवर म्हणाली की थोडेच दिवस राहिलेत, रविवारी येते, तर रविवारची वाट बघत बसू नका. गाडीला किल्ली लावा आणि आजच जा.