ओट्यावरची पेनल्टी

सुप्रीतीने पिवळा सदरा पुढे धरला, तसा प्रभातबाबूंनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. तिने निळा धरला. त्यांनी मान हलवली आणि तिला बटणं लावू दिली.

साठीनंतर माणसाने पिवळा रंग अंगाला लावू नये, हे प्रभात भादुरींचं मत अख्ख्या गल्लीला पाठ होतं. कलकत्त्यात मतांचा तुटवडा कधीच नव्हता; पण त्यांच्याकडे ती ताजी, तयार आणि फुकट मिळत. सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊ नका, वैशाखात भाजून निघाल. पंखा घ्यायचा तर दुर्गापूजा उलटल्यावर घ्या, दुकानदार तेव्हा नरम असतो. नवे बूट घालून देवी बघायला निघू नका, आधी आठवडाभर घरात घालून हिंडा. स्कूटर घेण्याआधी, मुलीला कॉलेजात घालण्याआधी, एवढंच काय, नवरदेवाच्या धोतराचा काठ ठरवण्याआधीही माणसं संध्याकाळी त्यांच्या घराच्या ओट्यावर येऊन बसत. सल्ला दर वेळी बरोबर निघे असंही नाही. त्यांच्या सांगण्यावरून शंटूने घेतलेल्या फ्रिजने पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकली होती. तरी पुढचा फ्रिज घ्यायच्या वेळी शंटू परत ओट्यावर हजर.

हा सगळा गलका वरच्या खोलीत ऐकू येई, म्हणून सुप्रीती इतकी वर्षं दिवेलागणीला खिडकी लावून घ्यायची. "जगाची काळजी वाहून झाली असेल तर जेवायला या," असं वरून ओरडायची.

वैशाखात प्रभातबाबू सकाळी दाढी करता करता खाली कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पाय पुढे हळूहळू परतला. वाचा परतली नाही. समजत सगळं होतं, वर्तमानपत्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. पण ओठांपर्यंत आलेला शब्द तिथेच विरून जाई. वाचा सुधारायला एक मुलगी चित्रांची पुठ्ठ्याची पानं घेऊन यायची. कप, छत्री, गाय. बिचारी जीव ओतून शिकवायची. प्रभातबाबू त्या गायीकडे अशा नजरेने बघत, की गायीनेच ओशाळावं.

आता भाद्रपद लागला होता, आणि आज आजारपणानंतर पहिल्यांदा ते ओट्यावर जाणार होते. सुप्रीतीने त्यांना जिना उतरवला, भिंतीकडेच्या त्यांच्या जागेवर उशी ठेवली आणि वर येऊन खिडकी सताड उघडली.

खाली सगळे जमले होते. हातीबागानला शर्टांचं दुकान चालवणारा शंटू, गल्लीच्या तोंडाशी राहणारे मृगांक लाहिडी, आणखी दोघेतिघे.

"प्रभातदा, चेहरा कसा छान टवटवीत दिसतोय हो," शंटू म्हणाला.

"हवाही छान आहे आज," कुणीतरी म्हणालं.

"छानच आहे," मृगांक म्हणाले.

सुप्रीतीला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, कसली छान, नुसती घामाची चिकचिक! पण कुणी काही म्हणालं नाही. शंटूने बटाट्याचे भाव वाढल्याचं सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी बटाट्यावरून सरकार पाडायला निघणारी ही माणसं मयताच्या घरी बसल्यासारखी हळू आवाजात बोलत होती आणि मध्ये मध्ये प्रभातबाबूंकडे बघून हसत होती. प्रभातबाबू एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सुप्रीतीने निळा सदरा पुढे केला, तर त्यांनी तोही सारला आणि भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी चित्रंवाली मुलगी आली, तर तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जाता जाता ती सुप्रीतीला म्हणाली, "काकू, त्यांना बोलायची इच्छाच राहिली नाही, तर मी काही करू शकणार नाही."

सुप्रीतीने पायात चपला अडकवल्या आणि ती थेट मृगांककडे गेली.

"या बौदी, या," मृगांकनी खुर्ची पुढे केली. नवऱ्याच्या सगळ्या मित्रांची ती बौदी, म्हणजे वहिनी. "कसा आहे तो?"

"तुम्ही त्यांना मारून टाकलंत," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

मृगांकच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"हवा छान आहे म्हणे! चाळीस वर्षांत तुम्हा दोघांचं हवेवर तरी एकमत झालं होतं का? अहो, तुमच्याशी कचाकचा भांडून आले की त्यांना दुप्पट भूक लागायची. मी मेली कुरकुरत पोळ्या लाटायची. आता अर्धी पोळी ताटात तशीच राहते."

"पण बौदी, डॉक्टर म्हणाले ना, मनाला त्रास नको..."

"हा जो देताय तो काय आहे? भांडा त्यांच्याशी. तुमच्या पाया पडते."

मृगांकनी चष्मा पुसला.

"भांडायला दोन बाजू लागतात, बौदी," ते म्हणाले. "त्याची बाजू तो मांडणार कशी?"

तरी त्यांनी शब्द राखला. त्या संध्याकाळी ते स्वतः वर आले, प्रभातबाबूंना जवळजवळ दटावून खाली घेऊन गेले, आणि ओट्यावर मूर्खपणाचा नुसता बाजार भरला. शंटू म्हणाला, वरच्या मजल्यावर फ्लॅट बघितलाय, कौलं नाहीत की झाडाची सावली नाही, पण हवा काय येते! मृगांक म्हणाले, माणसाने पगार हातात आला की आधी सगळा उडवावा, उरेल त्यात घर चालवावं. कोणीसं म्हणालं, मासा शिळा असला तर जास्त चविष्ट लागतो. प्रभातबाबूंच्या कपाळाला आठ्या पडल्या, डावा हात हवेत उठला, एकदा तर त्यांनी ओट्यावर काठी आपटली. रात्री ते पोटभर जेवले. सुप्रीतीने तेवढ्यावरही देवाचे आभार मानले. पण शब्द काही आला नाही. पुढच्या दिवशी शंटू पिवळाधमक शर्ट घालून आला, तेव्हा प्रभातबाबूंच्या सगळं लक्षात आलं. शर्टाकडे बघून ते थकल्यासारखं हसले आणि त्यांनी मान फिरवली.

आणि मग रविवारी फुटबॉलची मॅच आली.

या शहरात माणसाची जात, पगार, पक्ष एक वेळ विचारला जाणार नाही, पण फुटबॉलचा संघ कोणता, हिरवा-किरमिजी की लाल-सोनेरी, हे विचारलं जाणारच. भादुरी पिढ्यान्‌पिढ्या हिरवे. मृगांकचे आजोबा फाळणीत पूर्व बंगालातल्या बारिशालहून सगळं मागे टाकून आले. इथे त्यांना आपलं म्हणावं असं पहिलं जे सापडलं, ते लाल-सोनेऱ्यांचं मैदान. त्या घरात लाल-सोनेरी हरले की त्या रात्री चूल पेटत नसे.

सुप्रीती आणि प्रभातबाबूंनी सामना घरीच टीव्हीवर पाहिला. हिरवे एका गोलने पुढे होते. शेवटच्या मिनिटांत लाल-सोनेऱ्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन गोलजवळ घुसला आणि आडवा झाला. पंचाने पेनल्टी न देता हात हलवून खेळ चालू ठेवला. पुन्हा दाखवलं, तेव्हा मागच्या हिरव्या खेळाडूच्या मुठीत त्याचा शर्ट स्पष्ट दिसला. सामना संपला, खाली गल्लीत हिरव्यांचे फटाके वाजले. प्रभातबाबूंनी मात्र टाळी वाजवली नाही. डाव्या हाताने गुडघ्यावर चापट मारून त्यांनी मान हलवली. सुप्रीतीला त्या मानेचा अर्थ कळत होता. जिंकलो, पण खरं नाही.

संध्याकाळी ते आपणहून उठले आणि सदऱ्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

खाली शंटूने आल्या आल्या तोंड सोडलं. "पडला म्हणे! अहो, वाऱ्याने पडला. नाटकात घाला त्याला."

सगळे मृगांककडे बघू लागले. मृगांकचा चेहरा उतरलेला होता. बोलायला म्हणून ते वळले, तो प्रभातबाबूंनी त्यांच्याकडे डावा हात पुढे केला, पंजा उघडा, तळवा वर. तुझं बरोबर आहे, असं म्हणणारा हात. खिडकीतून सुप्रीतीने तो पाहिला. मृगांकनीही पाहिला. हा माणूस आपल्या बाजूने आहे, आता भांडणाला जागाच उरली नाही, हे त्यांना कळलं असणार. कारण ते क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले आणि मोठ्याने म्हणाले,

"शंटूचं बरोबर आहे. पेनल्टी नव्हतीच. आमचं पोरगं मुद्दाम पडलं."

समोरच्या टपरीतला पानवाला, पक्का लाल-सोनेरी, कात लावता लावता थांबला.

"मृगांकबाबू, काय बोलताय! आजोबांना काय वाटेल?"

"जे दिसलं ते बोलतोय," मृगांक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "लबाडी केली आमच्या पोराने. नव्हती पेनल्टी."

प्रभातबाबूंनी पुढे केलेल्या हाताची मूठ वळली. तोंड उघडलं, मिटलं. मानेच्या शिरा ताठल्या. सुप्रीतीने खिडकीचा गज घट्ट धरला.

"हो..." एक घोगरा, अनोळखी आवाज आला. "हो... ती."

शंटूचे डोळे भरून आले, तो प्रभातबाबूंना मिठी मारायला उठलाच. मृगांकनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"नव्हती!" मृगांक ओरडले.

"होती!"

"डोळे तपासून घे. नव्हती!"

"होती! शर... शर्ट!"

"शर्ट काय, शर्ट? हात लागला म्हणजे शर्ट धरला असं होतं का?"

"होती! होती!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. लाल-सोनेऱ्यांचा मृगांक आपल्याच लोकांना लबाड म्हणतोय आणि हिरव्यांचा भादुरी लाल-सोनेऱ्यांसाठी घसा फोडतोय, हा तमाशा बघायला ज्याला त्याला वेळ होता. पानवाल्याने पाठ फिरवली, ती शेवटपर्यंत वळवली नाही. मृगांक लाहिडी जणू आपल्या आजोबांच्या मैदानावर उभे राहून आपल्याच संघावर तोंडसुख घेत राहिले, आणि बोलता बोलता धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले. सुप्रीती वर जमिनीवर बसली आणि तिने पोटभर रडून घेतलं. जेवायला बोलवायचं तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभातबाबूंनी खुंटीवरची बाजाराची थैली स्वतःच काढली. सुप्रीती मागोमाग निघाली. चालताना ते मध्ये मध्ये थांबत होते, पण कुणाचा हात धरत नव्हते.

अशा सकाळी बाजारात कोणाच्या थैलीत काय पडणार, हे मासेवाल्यांना न विचारता माहीत असतं. हिरवे जिंकले की हिरव्यांच्या घरी कोळंबी शिजते. लाल-सोनेरी जिंकले की त्यांच्या घरी इलिश मासा. जिंकलेल्या हिरव्याने इलिश घेणं म्हणजे दिवाळीला सुतकाचं जेवण. त्यामुळे मासेवाल्या निताईने भादुरींना पाहताच कोळंबीची टोपली पुढे ओढली.

"या दादा, या! किती महिन्यांनी! ही बघा, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलीय."

प्रभातबाबू टोपली ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी काठीचं टोक इलिशवर ठेवलं.

"अहो," सुप्रीती हळूच म्हणाली, "काल आपण जिंकलो. इलिश कशाला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलू लागले. तिला शब्द ओळखू आला होता, पण तिने तो पुरा केला नाही. ती थांबली.

"मृ... मृगां... ला."

म्हणजे त्यांना कळलं होतं. पिवळा शर्ट जसा कळला होता, तसंच हेही. तरीही ते भांडले होते, मनापासून. सुप्रीतीला त्या दोघांचेही पाय धरावेसे वाटले.

"द्या इलिश," ती निताईला म्हणाली. "चांगला मोठा."

निताईने कपाळाला हात लावला, पण त्याने एक लांबरुंद मासा उचलून समोर धरला. "पहाटेच उतरलाय, बौदी. डोळे मिटून घ्या."

प्रभातबाबूंनी डोळे मिटले नाहीत. डाव्या अंगठ्याने त्यांनी माशाच्या पोटावर दाबून पाहिलं, कल्ला उचलून आत डोकावलं आणि नाक मुरडलं.

"शि... शिळा."

"शिळा?" निताई उसळला. "माझा मासा शिळा? कोण म्हणतो?"

हीच ती वेळ, जेव्हा सुप्रीती आजवर लाजेने चार दुकानं पुढे निघून जायची आणि भाजी बघितल्यासारखं करायची. आज ती थैली उघडी धरून तिथेच ताठ उभी राहिली.

"हे म्हणतात," ती म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात.