फुलसावंगीच्या पोरींची बॅट

बेसबॉलच्या होमप्लेटमागे वाकून उभ्या असलेल्या पंच देवरावने चेंडू कुठे गेला ते पाहिलंच नाही. त्याची नजर निशिगंधाच्या हातातल्या बॅटवर होती. टण्ण असा आवाज झाला होता. लांबणारा, पोकळ. चेंडू यवतमाळच्या मैदानाची भिंत ओलांडून पलीकडच्या बाभळीत पडला, फुलसावंगीच्या पोरी किंचाळत आत धावल्या, तेव्हा कुठे त्याने होमरनचा हात वर केला.

हंगामाचा हा चौथा रविवार. गेल्या वर्षी या पोरींचा एकही चेंडू भिंतीपर्यंत गेला नव्हता. यंदा चार सामन्यांत तेरा होमरन! जिल्ह्यातल्या मुलांच्या संघांनासुद्धा बेसबॉलमध्ये हे जमलं नव्हतं. पोरी सगळ्या कापूस पिकवणाऱ्यांच्या घरच्या, निम्म्यांच्या पायात धड बूट नाहीत. संघाकडे बॅट एकच, ॲल्युमिनियमची, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. लोक कुजबुजू लागले होते. कोणी म्हणे पोरींची वयं चोरलीत, कोणी म्हणे गोळ्या देतात.

देवराव मानवटकर आठवडाभर एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायचा आणि रविवारी पंच म्हणून उभा राहायचा. एकवीस वर्षं झाली. त्याने आऊट म्हटलं की पुढारी असो की मास्तर, कोणी तोंड उघडत नसे.

सामना संपल्यावर तो नळावर तोंड धूत होता. हरलेल्या यवतमाळ संघाचे प्रशिक्षक विठ्ठलराव मागे येऊन उभे राहिले.

"देवा, आवाज आयकला?"

"आयकला."

"मंग? तो आवाज आपल्याले कोनी शिकवाव काय?"

देवरावने नळ बंद केला. बावीस वर्षांपूर्वी दोघं एकाच कॉलेजच्या संघात होते, विठ्ठलराव कप्तान. देवराव तेव्हा लेथ नुकताच शिकलेला. एका दुपारी मालक जेवायला गेला असताना त्याने संघाची ॲल्युमिनियमची बॅट लेथवर चढवली आणि आतून खरवडून पातळ केली. वरून काही दिसत नव्हतं, पण चेंडू लागला की उडून जायचा. कप जिंकला. तो कॉलेजच्या कपाटात अजून होता. पुढच्या वर्षी देवरावने खेळ सोडला आणि पंचाची टोपी घातली. का सोडला, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. तेव्हापासून कोणी लांब फटका मारला की देवरावची नजर आधी बॅटवर जायची.

तो फुलसावंगीच्या साधना मॅडमकडे गेला. कंत्राटावरची खेळाची शिक्षिका, पंचविशीतली.

"मॅडम, बॅट पाहाची हाये."

"पाहा ना, सर."

त्याने बॅट तोलली, कानाशी धरून वाजवली. "आतून पाहा लागते."

"आतून म्हंजे?"

"कापा लागते."

साधना म्हणाली, "एकच हाये आमच्याकडं."

"नाई त चारी सामने बाद करा लागतीन," मागून विठ्ठलराव म्हणाले.

साधनाने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "कापा. पण पोरींसमोर कापा."

वर्कशॉप रविवारी बंद असे, पण किल्ली देवरावकडे होती. सगळी वरात पायीच गेली. त्याने बॅट लेथवर बसवली, यंत्र सुरू केलं. बॅटचे दोन तुकडे झाले. त्याने बोट आत घालून फिरवलं. हत्यार फिरलं असतं तर बोटाला गोल रेघा लागल्या असत्या. नव्हत्या. जाडी मोजली. सगळीकडे सारखी.

"अजून खाली पाहा," विठ्ठलराव म्हणाले.

देवरावलाही तेच वाटत होतं. त्याने दुसऱ्या जागी कापली. मग तिसऱ्या. पोरी लोखंडाच्या दांड्यांना टेकून बघत होत्या. एकीने दुसरीचा हात धरला होता.

"काई नाई," देवराव शेवटी म्हणाला. "जशी आली तशीच हाये."

"मंग मारते कशी थे?" विठ्ठलराव चिडले. "काई त असनच!"

निशिगंधा पुढे आली. "यंदा कापसाची वाळली पऱ्हाटी आमीच उपटली. कोनाच्याच घरी मजूर नाई लावले. उन्हाळाभर उपटली."

"त्याचं इथं काय?"

"असं पाय रोवून कमरेतून हिसका द्या लागते. नाई त मुळी तुटून राह्यते." तिने रिकाम्या हातांनी करून दाखवलं. टाच वळली, अख्खं अंग फिरलं.

देवराव बघत राहिला. चार रविवार तो बॅटच पाहत आला होता. पोरी उभ्या कशा राहतात, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

साधनाने तुकडे गोळा करून पिशवीत टाकले. "चला गं. जीप जाईन."

"थांबा, मॅडम," देवराव म्हणाला.

"देवा, चूप राह्य," विठ्ठलराव हळूच म्हणाले.

पण देवरावने सांगितलं. ती दुपार, ती बॅट, तो कप, सगळं. कोणाच्या डोळ्यांकडे न बघता, लेथच्या दांड्यावर हात ठेवून. विठ्ठलराव मधेच निघून गेले. त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पोरींना किती समजलं कोण जाणे. सगळ्यांत लहान होती तिने विचारलं, "मंग तुमी कप वापस केला काय?"

"नाई."

"काहून?"

देवरावने लेथवरचा चुरा झाडायला घेतला.

सोमवारी त्याने जिल्हा बेसबॉल संघटनेला हे सगळं पत्रात लिहून दिलं, सोबत पंचाची टोपी. पत्र त्यांनी ठेवून घेतलं. कपाचं काय करणार ते सांगितलं नाही. फुलसावंगीचे चारी सामने मात्र कायम राहिले. गुरुवारी त्याने साधनाला फोन केला. चांगलं सागवान आहे, लेथवर बॅट काढून देतो, म्हणाला.

"तुमच्या हातची नको, सर," साधना म्हणाली. रागाने नाही, थकून. "लोक पुन्हा म्हनतीन."

पुढचा सामना कळंबला होता. देवराव एस.टी.ने गेला आणि चुन्याच्या रेघेबाहेर प्रेक्षकांत उभा राहिला. पोरींनी कुठूनतरी लाकडी बॅट मागून आणली होती. जड होती, हातात बसत नव्हती. निशिगंधा दोनदा चुकली, तिसरा फटका उंच उडून झेलला गेला. एकही होमरन झाला नाही.

"पाहा," शेजारचा पागोटेवाला म्हणाला. "बॅट बदलली अन् दम गेला. मी म्हटलंच होतं."

"बॅट मी कापली," देवराव म्हणाला. "आत काईच नव्हतं."

त्या माणसाने त्याला खालून वर न्याहाळलं. "तुमी त्या पोरीइचे कोन?"

"कोनी नाई."

"मंग कायले त्याइची बाजू घेता?" तो हसला आणि दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

शेवटच्या डावात एका फुलसावंगीकर पोरीचा फटका तिरका सुटला. फाऊल. चेंडू रेघ ओलांडून मैदानालगतच्या तुरीत शिरला. कळंबची एक खेळाडू काठापर्यंत धावत आली आणि तुरीतलं काटेरी तण बघून थांबली. देवराव चपला काढून आत गेला. कमरेएवढी तूर, खाली भेगाळलेली काळी माती. बराच वेळ चाचपून त्याला चेंडू सापडला. त्याने शर्टाच्या टोकाने माती पुसली.

"काका, फेका!" ती पोरगी ओरडली.

त्याने फेकला नाही. चालत रेघेपर्यंत आला, हात लांब करून चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये ठेवला आणि रेघेबाहेरच उभा राहिला.