खडूची फुली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबट खोली समोर आणा. खिडक्यांना लोखंडी गज, भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा, मध्ये सहा टेबलं. दुपारचे चार वाजलेत, चहाची किटली फिरते आहे. आता समजा, एक म्हातारा पाय ओढत आत येतो, आणि तो ज्या टेबलाजवळून जाईल तिथली माणसं पटापट दोन्ही हातांनी आपली छाती झाकून घेतात. त्या म्हाताऱ्याचा हात धरून चालणारी नऊ वर्षांची मुलगी दिसते का तुम्हाला? तिच्याकडे नीट बघा. गोष्ट तिची आहे.

म्हातारा म्हणजे तिच्या आईचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलीला ते बॉबिन, म्हणजे मशीनमधली दोऱ्याची छोटी रीळ, म्हणायचे, कारण लहानपणी ती त्यांच्या मशीनभोवती गरागरा फिरत राहायची. हल्ली ते तिला काहीच म्हणत नव्हते. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. मास्तर चष्मा कशासाठी असतो तेच विसरले होते. माणसांची नावं गेली, वार गेले, दुकान बंद झालं हेसुद्धा डोक्यातून गेलं. बोटांना मात्र सगळं आठवत होतं.

त्या वृद्धाश्रमाचे दोन भाग होते. पुढे हिंडती-फिरती, वर्तमानपत्र वाचणारी माणसं. मागे एक जाड दार, आणि त्यापलीकडे डोकं फारच बिघडलेली माणसं. दाराचं कुलूप आकडे दाबून उघडायचं आणि ते आकडे फक्त कर्मचाऱ्यांना ठाऊक. बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे जायची परवानगी नव्हती. मास्तर अजून पुढे होते, आणि पुढच्यांना ते नको होते. ते येताना दिसले की टेबलावरची रिकामी खुर्ची कुणीतरी उलटी करून ठेवी. कुणी म्हणे, "शर्ट सांभाळा, मास्तर आले." कुणी चहात चमचा ढवळून विचारी, आज कुणाचं बटण माझ्या कपात आहे?

बटणांचं खरं होतं. दोन महिन्यांपासून सगळ्यांच्या कपड्यांची बटणं गायब होत होती. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून माणूस हात धुवायला गेला की परत येईपर्यंत एक बटण कमी.

सगळ्यात जास्त खार खाऊन होते हेडक्लार्क. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी त्यांच्या काखेतली फाइल सुटली नव्हती. त्यांनी एक अर्ज लिहिला, मास्तरांना मागे हलवावं म्हणून, आणि टेबलाटेबलावर फिरून त्यावर अकरा सह्या गोळा केल्या. बाराव्या बाईंनी सही दिली नाही, तर हेडक्लार्क आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. रविवारी चारला नातेवाईक येतात, तेव्हा सगळ्यांसमोर निकाल लागावा असं ठरलं.

आता बॉबिनला काय माहीत होतं ते तुम्हाला सांगतो. दुकानात आजोबांच्या पायाशी बसून ती एक गोष्ट शिकली होती. दुरुस्तीला आलेल्या कपड्याचं प्रत्येक बटण ते अंगठ्यानं ओढून बघत. सैल असलं तर लगेच कापून ठेवत. लोंबतं बटण रस्त्यात पडतं आणि गिऱ्हाईक शिव्या आपल्याला घालतं, असं त्यांचं म्हणणं. कापलेल्या बटणात त्याच कपड्याचा दोरा गाठ मारून ठेवायचा, कपड्याच्या आतल्या बाजूला खडूनं बारीक फुली काढायची, आणि संध्याकाळी सगळी बटणं एकदम लावायची.

आणखीही एक गोष्ट तिला माहीत होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी आजोबा स्वेटरचा एक धागा ओढत बसले होते, नखातून रक्त येईपर्यंत. पुढच्या रविवारी तिनं कंपासपेटीतून त्यांना दोन वस्तू आणून दिल्या. बंद दुकानाच्या खणातला शिंप्याचा खडू, आणि दोरे कापायची छोटी कातर. दारात पिशव्या तपासत, पण कंपासपेटी कोण उघडतो? सुई मात्र तिनं आणली नव्हती. सुई टोचेल, अशी भीती तिला वाटली होती. त्यामुळे मास्तरांचं अर्धंच काम व्हायचं. कापून व्हायचं, लावायचं राहायचं.

रविवारी व्यवस्थापकबाईंनी मास्तरांच्या चष्म्याची डबी टेबलावर उपडी केली. तेवीस बटणं. त्याशेजारी त्यांनी ती कातर ठेवली. उशीच्या अभ्र्यात सापडली, म्हणाल्या.

"बटणं गेली तर गेली," हेडक्लार्क म्हणाले. "हे पातं आहे. उद्या माझा कान सैल वाटला तर?"

खोलीभर हसू फुटलं. मास्तरही सगळ्यांबरोबर हसले, आणि ते बघून बाकीचे आणखी हसले.

बॉबिनच्या आईचा आवाज चढला. आपल्या बाबांनी आयुष्यात कुणाचा वीतभर दोरा चोरला नाही, असं तिनं ठणकावलं.

"तेव्हा नसेल चोरला," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "आता काय चोरतात ते त्यांना तरी कुठे कळतं?"

कातर मावशींच्या कपाटातली असणार, असा त्यांचा कयास होता. मावशी म्हणजे मास्तरांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या बाई. त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. कपाट कायम बंद असतं, म्हणाल्या. मग किल्लीही चोरली असेल, नाहीतर मावशींनीच दार उघडं टाकलं असेल, आणि तसं असेल तर त्यांनाही इथे ठेवायचं कशाला, असं हेडक्लार्कांनी फाइल उघडत विचारलं. मावशींचा चेहरा उतरला. त्या मास्तरांपासून एक पाऊल लांब सरकल्या.

मास्तरांनी सगळीकडे नजर फिरवली. "आज गर्दी आहे दुकानात," ते खुशीत म्हणाले.

व्यवस्थापकबाईंनी पेन उचललं. चोरी करून पातं लपवणाऱ्याला पुढे ठेवता येणार नाही, त्या म्हणाल्या. आजच हलवू.

बॉबिननं बोटांवर हिशेब केला. नऊ, दहा, अकरा, बारा. तीन वर्षं. तीन वर्षांनी आजोबा कुठे असतील? ती उठली आणि हेडक्लार्कांसमोर उभी राहिली. तुमचा कोट आतून बघू का, तिनं विचारलं.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आजोबाची नात शोभतेस."

पलीकडे एक निवृत्त नर्स बसल्या होत्या. अर्जावर दुसरी सही त्यांचीच होती. पण कुतूहल कुणाला सुटलंय? त्यांनी आपल्या जाकिटाची कड उलटवून पाहिली. जिथे बटण नव्हतं तिथे आतून पांढरी फुली होती. शेजारच्यानं शर्ट पाहिला. तिथेही फुली. टेबलाटेबलावर माणसं आपले कपडे उलटे करू लागली. हेडक्लार्क तेवढे कोट आवळून बसून राहिले.

बॉबिननं एक एक बटण उचलून त्यातला दोरा ज्याच्या त्याच्या कपड्याला लावून दाखवला. करडा करड्याला, निळा निळ्याला. आजोबांनी काही चोरलं नाही, ती म्हणाली. त्यांनी दुरुस्तीला घेतलंय.

"तुला फुल्यांचं कसं ठाऊक?" व्यवस्थापकबाईंनी विचारलं. "खडू इथे आला कुठून?"

बॉबिननं आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी नको म्हणत होती. तिला सगळं उमगलं होतं.

"खडू मी आणला," बॉबिन म्हणाली. "कातर पण मीच आणली. मावशींना काही माहीत नव्हतं."

तुम्हाला वाटेल, लोक हळहळले असतील. कुणी हळहळलं नाही. नर्सबाई फणकारल्या, म्हणजे एवढीशी पोर पातं घेऊन हिंडते आणि घरात कुणाला पत्ता नाही. कुणीतरी आईच्या वळणाचा उद्धार केला. आईनं मुलीचं मनगट इतकं घट्ट धरलं की हातावर बोटं उमटली.

व्यवस्थापकबाईंनी निकाल बदलला. चोरी झाली नाही, पातं आता जप्त आहे, तेव्हा मास्तर पुढेच राहतील. खडूनं कुणाचं काही बिघडत नाही, तो त्यांच्याकडे राहू द्या. पण ही मुलगी पुन्हा आत येणार नाही.

"एक गेली," हेडक्लार्क फाइलीची नाडी बांधत म्हणाले. "आता दुसरा."

घरी पोचल्यावर दारात चपला काढताना आई एवढंच म्हणाली, की गप्प बसली असतीस तर बाबा मागे गेले असते आणि माझीही दर रविवारची फरफट संपली असती. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

पुढच्या रविवारी आई आत गेली आणि बॉबिन बाहेर, भिंतीलगतच्या गवतात उभी राहिली. खिडकी तिच्या हनुवटीपर्यंत येत होती. मास्तर गजाजवळच बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळख अशी काही दिसली नाही. तिनं शर्टाची बाही गजांतून आत सरकवली. मनगटाचं बटण तिनं आदल्या दिवशी मुद्दाम सैल करून ठेवलं होतं. मास्तरांच्या अंगठ्यानं ते ओढून पाहिलं. त्यांनी खिशातून खडू काढला, बाही उलटवली आणि फुली काढायला घेतली.

फुलीची एक रेघ झाली होती. तेवढ्यात हेडक्लार्क उठले, तिचा हात त्यांनी बाहेर ढकलला, खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. काचेपलीकडून ते काहीतरी म्हणाले. ते चांगलं नव्हतं हे ऐकू न येताही कळत होतं.

बॉबिननं बाहीवरची अर्धी फुली पाहिली. मग ती भिंत धरून पुढच्या खिडकीशी गेली, काचेवर टकटक केली, आणि आजोबांना खुणेनं म्हणाली, इकडे या.